बटणांच्या डब्यातली टाळी

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकोणऐंशी, शिक्षण चौथी (पाचवीत दीड महिना बसले होते, तो धरायचा की नाही ते वकिलांनी ठरवावं), काम पूर्वी फिल्मला आवाज जोडायचं, आता काही नाही, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कान तर इतके ठिकाणावर आहेत की खालच्या मजल्यावर कोण कोणाला काय बोललं ते मी सांगू शकते, पण सांगणार नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. हे मृत्युपत्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हातानं, राजीखुशीनं लिहीत आहे. खुशी जरा जास्तच आहे, त्याचं कारण शेवटी येईल.

कलम १. स्टुडिओत मला सगळे टाळीबाई म्हणायचे, तेव्हा सहीही तीच येईल, कोणी हरकत घेऊ नये. का म्हणायचे ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. फिल्मच्या कॅमेऱ्याला आवाज टिपता येत नसे. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे टेपवर. म्हणून शॉटच्या सुरुवातीला एकजण पाटी धरायचा आणि तिच्यावरची लाकडी पट्टी खाडकन आपटायचा. हीच टाळी. पट्टी मिटलेली दिसते त्या चित्रावर पिवळ्या पेन्सिलीनं फुली मारायची, 'टक्' ऐकू येतं तिथे टेपवर दुसरी फुली. फुलीला फुली लावली की ज्याच्या त्याच्या तोंडी ज्याचे त्याचे शब्द. एकतीस वर्षं मी हेच केलं.

त्याआधी मी ह्यांचा डबा घेऊन स्टुडिओत जायचे. आमचे हे तिथे आवाज टिपायच्या कामावर होते. एकदा दारात उभी राहून पडदा बघता बघता बोलून गेले, "त्या बाईचं तोंड आधी मिटतंय आणि शब्द मागून येतोय." संकलक साहेबांनी यंत्र थांबवलं, मोजलं, तर तीन चित्रांचा फरक. सेकंदाला चोवीस चित्रं जातात, त्यातली तीन. पुढच्या आठवड्यापासून मी कामावर. चोवीसपर्यंत मोजायला चौथी पुरते.

कलम २. माझे पांढरे हातमोजे आणि पिवळी पेन्सिल (अर्धी उरली आहे) माझ्या नातीला, म्हणजे थोरल्याच्या मुलीला. ती मोबाइलवर फिल्मा काढते. मला म्हणाली, "आजी, आता चित्र आणि आवाज एकत्रच येतात, तुझं काम मोबाइल करतो." मी म्हटलं बरं झालं, त्याला डबा लागत नाही. पण परवा मैत्रिणीचा वेगळा माइक लावला होता, तर कॅमेऱ्यासमोर उभी राहून स्वतःच हातांनी टाळी वाजवली. मी शिकवलेलं नाही. तरी माझ्यावर गेली असं म्हणायला मला कोण अडवणार?

कलम ३. मोठी कात्री समोरच्या शिंपीणबाईंना. ती त्यांच्याकडेच आहे, अकरा वर्षांपूर्वी 'लगेच आणून देते' म्हणून नेलेली. आता दिली असं धरावं. पण नेली होती, हे कागदावर राहू दे.

कलम ४. संकलक साहेबांना बक्षीस मिळालं तेव्हा त्यांनी भाषणात चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले, मला तेवढं विसरले. तो राग मी पुष्कळ वर्षं नीट झाकून ठेवला. आता कोणाला देत नाही, बरोबरही नेत नाही, जड होतो. मात्र निवृत्तीच्या दिवशी त्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या सुनेला परत करावं. पहिल्या दिवसापासून मागे पडतं. मला, आणि मागे पडणारं घड्याळ!

कलम ५. आता खरं ते. मला मुलगा थोरला, मुलगी धाकटी. बँकेत जे असेल ते दोघांचं सारखं, त्यात बोलण्यासारखं काही नाही. घरही दोघांचं. पण घरात दोघं एका वेळी येत नाहीत. थोरला रविवारी येतो, धाकटी बुधवारी. एकमेकांचे निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांग", "तिला विचार". मी नुसती वायर झाले आहे.

हे गेले त्याच्या पुढच्या महिन्यात कपाट आवरताना भांडण झालं. आमच्या घरची एकच फिल्म आहे, तीन मिनिटांची. हे टेबलाशी बसून संत्रं सोलताहेत आणि बोलताहेत. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज टिपले, स्वतःचा तेवढाच. कॅमेरा बारा वर्षांच्या थोरल्यानं चालवला, माइक नऊ वर्षांच्या धाकटीनं धरला. ह्यांनी नंतर आवाज फिल्मसारख्याच भोकांच्या टेपवर उतरवून ठेवला, आणि जोडायचं राहिलं. दिवसभर लोकांच्या फिल्मा जोडून आलेल्या माणसांना घरची आठवतेय कशाला. तर कपाट आवरताना धाकटी म्हणाली की ह्यात टाळीच नाही, कॅमेरा चालवणाऱ्यानं आधी टाळी घ्यायची असते. थोरला म्हणाला, "आवाजाशिवाय माणूस दिसतो तरी. नुसता आवाज घेऊन काय करणार, रेडिओ?" ती टेपचा खोका उचलून निघून गेली. फिल्मचा डबा त्यानं नेला. सात वर्षं झाली. एकाकडे बापाचं तोंड, दुसरीकडे बापाचे शब्द.

गेल्या महिन्यात पोलक्याला बटण शोधत होते. बटणांच्या डब्याच्या तळाशी फिल्मची गुंडाळी निघाली, अडीच हात लांब. उजेडात धरली आणि बटण राहिलं बाजूला. सुरुवातीला टाळी राहिली तर ती शेवटी देतात आणि पाटी मुद्दाम उलटी धरतात, म्हणजे जोडणाऱ्याला कळतं की ही शेवटची टाळी. त्या तुकड्यात मी आहे, पाटी उलटी धरलेली. स्टुडिओत जोडून झाल्यावर पाटीचा तुकडा कापून टाकतात हे थोरल्यानं बघितलं होतं. त्यानं जोडायच्या आधीच कापला, आणि मोठ्या ऐटीत टोपलीत टाकला. मी उचलला आणि पुढे विसरले, पण उचलला तो काही टाळीसाठी नाही. त्यात मी बरी दिसत होते.

मनात आलं, देऊन टाकावा. पण रविवारी दिला तर थोरला जिंकणार, बुधवारी दिला तर धाकटी.

कलम ६. (हे कलम खोडलं आहे.) म्हणून तो तुकडा मी दोघांना मिळून देते. त्याचे दोन भाग करता येणार नाहीत, कारण पट्टी मिटल्याचं चित्र एकच आहे. माझ्या पश्चात दोघांनी ह्याच टेबलाशी बसून फिल्म जोडावी. स्टुडिओ मोडला तेव्हा भंगारातून आणलेलं जोडणीचं यंत्र, छोट्या पडद्याचं, माळ्यावर आहे. जोडून होईपर्यंत घराची किल्ली शिंपीणबाईंकडे राहील.

इथवर गुरुवारी लिहून झालं आणि साक्षीला शिंपीणबाईंना बोलावलं. साक्षीदारानं फक्त सही बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो, असं वकील म्हणाले होते. शिंपीणबाईंना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, कात्रीपाशी नाक मुरडलं, सहाव्या कलमाशी डोळे पुसले, आणि घरी जाऊन दोघांनाही फोन केला.

आज रविवार. थोरला डबा घेऊन आला. पाठोपाठ, बुधवार नसताना, धाकटी खोका घेऊन आली. दारातूनच मला म्हणाली, "आई, ह्याला विचार, कापायची एवढी घाई कसली होती?"

तो म्हणाला, "तिला सांग, मी बारा वर्षांचा होतो."

मी म्हटलं, "मी मेले आहे असं समजा. कलम सहा. आपसात बोला."

धाकटीनं खोका टेबलावर ठेवला. मग थोरल्यानं माळ्यावरून यंत्र काढलं, फडक्यानं पुसलं आणि यंत्राकडेच बघत विचारलं, "टेप कोरडी ठेवलीस ना?"

"तुझ्या फिल्मपेक्षा कोरडी."

सात वर्षांतलं हे पहिलं बोलणं. मला ते फार गोड लागलं.

तुकडा थोरल्यानं जागच्या जागी चिकटवला. धाकटीनं टेप हातानं मागेपुढे फिरवून 'टक्' शोधला, पहिल्या झटक्यात. कान ह्यांचे घेतले आहेत. चित्राशी मात्र गाडी अडली. थोरल्याचे डोळे आता अधू झालेत, पण कबूल कोण करणार? पेन्सिल हातात घेऊन नुसता बसला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते, नाहीतर मीच फुली मारली असती. शेवटी हळूच म्हणाला, "ताई, बघ गं. हे, की पुढचं?" लहानपणी लाडात आला की धाकट्या बहिणीला ताई म्हणायचा.

तिनं मान वाकवली. "पुढचं. ह्यात अजून फट आहे."

त्यानं पुढच्या चित्रावर फुली मारली. मग सगळं सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून यंत्र सुरू केलं. हे संत्रं सोलत होते. "अगं, माइक जरा लांब धर, माझं चघळणंच ऐकू येईल," म्हणाले, आणि ओठ न् शब्द बरोबर पडले. एका चित्राचाही फरक नाही, मी बघत होते. शेवटी मी आले, काळ्याभोर केसांची, घाईघाईत पाटी सरळ धरून. हे हसून म्हणाले, "अहो टाळीबाई, उलटी धरा. शेवट आहे." मी उलटी केली आणि टाळी दिली. मग पडदा पांढरा.

धाकटी म्हणाली, "परत लाव." थोरला आधीच मागे गुंडाळत होता.

म्हणून कलम सहा खोडलं आहे. एकच रेघ मारली आहे, पुन्हा गरज पडली तर वाचता यावं. यंत्र, फिल्म, टेप आणि घर दोघांचं, अट काही नाही. दोघं अजून टेबलाशी आहेत, त्यामुळे मी हे ओट्यावर उभ्यानं लिहिते आहे.

वकील साहेब, कागद फिरवून मी खाली उलटी सही केली आहे. ती चूक समजू नये.

सही: टाळीबाई

साक्षीदार १: शिंपीणबाई, समोरचं दार. (सही समोर झाली. मजकूर वाचला. कात्रीचं खरं आहे.)
साक्षीदार २: निवृत्त पोस्टमास्तर, खालचा मजला. (मजकूर वाचला नाही. वर काय चाललं होतं ते ऐकू आलं.)

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: १७ मार्च, रविवार, दुपार