तोवर हे आहेत

चिंचवड, सोमवार, ५ नोव्हेंबर १९५६

अखेर घर मिळालं! कारखान्याच्या बराकीतली खाट, तिच्यातले ढेकूण आणि उद्धवरावांचं घोरणं या तिन्हींना आज रामराम ठोकला आणि टांग्यात वळकटी टाकून थेट इथे आलो. उद्धवराव म्हणजे पिंपरीच्या आमच्या औषधाच्या कारखान्यातले भांडारप्रमुख. माणूस बरा, नाक मात्र भोंग्याचं. घर स्टेशनपासून पायी जाण्याजोगं. काळ्या दगडाचं जोतं, वर मंगळुरी कौलं, मागे आड, पुढे फाटक, आणि फाटकाला लागून ज्वारीचं शेत. विमल आणि छकुली वाईहून आल्या की संसार मांडायचा. लेक रांगायला लागल्याचं मला पत्रातून कळतं, हा काय जन्म आहे?

घरमालक सोपानराव रेल्वेत फिटर होते. मेव्हण्याने नैरोबीला बोलावून घेतलंय, तिथे मोटारींच्या वर्कशॉपमध्ये नोकरी ठरली आहे. परवा सकाळी दोघं मुंबईची गाडी धरणार, मग आफ्रिकेची बोट. तोवर मी पुढच्या खोलीत पाहुणा. घर त्यांनी स्वतः उभं केलं. जेवायला बसेपर्यंत हे मला इतक्या वेळा ऐकवून झालं की विटा मीच वाहिल्यासारखे खांदे दुखायला लागले.

त्यांच्या सौ., इंदुताई, याहून वरचढ. दार किंचित उचलून लावा. न्हाणीच्या कोपऱ्यातली फरशी डुगडुगते, तिच्यावर आपटू नका. स्वयंपाकघराची खिडकी म्हणे त्यांच्या उंचीला बेतून ठेवली आहे. मी तिच्यातून वाकून बाहेर पाहिलं तर बाईंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या ताटात हात घातला. मग स्वतःच म्हणाल्या की तुम्ही आलात ते फार बरं झालं, घराला माणूस हवं. आणि रडल्या. डोळे पुसतात न पुसतात तोच ट्रंकेतून नवी साडी काढून दाखवली, बोटीवर नेसायची! एकाच तोंडाने हसणं आणि रडणं. दगडमातीपायी एवढं गळायचं तर बोटीची तिकिटं काढावीत कशाला? मी मात्र गंभीर चेहरा करून मान डोलावली. घर हाती येईपर्यंत नंदीबैल व्हायला माझी हरकत नाही.

बुधवार, ७ नोव्हेंबर

गेली एकदाची ब्याद.

पण काय तो तमाशा! सोपानराव बायकोला उशीर होतोय म्हणून खेकसत होते आणि स्वतः दाराची कडी धोतराच्या सोग्याने पुसत होते. पुसून झाली तरी पुसत होते. टांगेवाल्या मीरासाहेबाने दोनदा बिडी विझवून दोनदा पेटवली. इंदुताई मधल्या खोलीत भिंतीवर तळवा टेकून उभ्या होत्या. तान्ह्या पोराची समजूत काढावी तशा सुरात भिंतीला सांगत होत्या, की येते हं, रुसू नकोस, तोवर हे आहेत. 'हे' म्हणजे अस्मादिक. मला हसू आवरेना, म्हणून खोकलो.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की घरातून निघताना 'जातो' म्हणू नका, 'येतो' म्हणा. यात नवल काही नाही, हे कोणाचीही आजी सांगते. पण बाई पुढे म्हणाल्या की आत 'या' म्हणायला कोणी नसलं तरीही म्हणा. मी बरं म्हटलं. वेड्याला बरं म्हणायला काय लागतं?

फाटकातून त्या एकदा परत आल्या. या खेपेला घराकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तुमचं मागे कोणी नाही असं तुम्ही म्हणाला होतात ना, असं विचारलं. घर मिळेपर्यंत मी एकटाच असल्याचं ठोकून दिलं होतं. पोराबाळांचं नाव निघालं की मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. आता कसली भीती? सांगून टाकलं की बायको आणि मुलगी अठरा तारखेच्या रविवारी येताहेत. बाईंचा चेहरा पांढरा पडला. काही बोलणार होत्या, पण सोपानरावांनी हाक मारली आणि त्या गेल्या. जाताना मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. एवढंच काय ते प्रेम!

टांगा दिसेनासा झाल्यावर मधल्या खोलीत पाय पसरून बसलो आणि भिंतींना मोठ्याने बजावलं, की आता हा गडी मरेपर्यंत इथून हलत नाही. खरंच हलणार नाही. भाड्याचा कायदा आज भाडेकरूच्या खिशात आहे. नैरोबीहून खटला चालवायचा तर सोपानरावांचं कडी पुसायचं धोतरही विकलं जाईल.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

माझा बेत ऐकून उद्धवराव खूश. म्हणाले, राव, तुम्ही पोचलेले आहात.

रोज सकाळी उंबऱ्यात उभा राहून मी ठणकावून 'जातो' म्हणतो. बाईंच्या नाकावर टिच्चून. आज दार अडकलं. उचललं, ओढलं, लाथ घातली, मग उघडलं. पावसाळा संपून महिना झाला, लाकूड आता फुगेल कशाने? पण सोपानरावांची कारागिरीच ती, तिला ऋतू लागत नाही.

भांड्याला गोजाबाई येते. आडापाशीच घासते, आत पाऊल टाकत नाही. घरात एवढं काय बघण्यासारखं राहिलंय, असं मी विचारलं तर मागच्या दारातून रिकाम्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "द्येव बी न्हेलं. द्येव न्हेलं म्हंजी बाई काय माघारी यायची न्हाई आता." वा! म्हणजे 'येते' ही निव्वळ लोणकढी थाप होती. माझंच भलं झालं.

रविवार, ११ नोव्हेंबर

गोजाबाईने आज विचारलं, "बिऱ्हाड आलं व्हय दादा तुमचं?" का, तर काल मी कामावर निघालो तेव्हा आतून कोणी बाई 'या' म्हणाली, ते तिने आडावरून ऐकलं. ही माणसं! आधी भुताची आवई उठवायची, मग त्या नावाखाली पगार वाढवून मागायचा. मी तिला शेलक्या शब्दांत झाडली. तुझ्यासारख्या अडाणी बायकांनीच देश बुडवला, पुन्हा फाटकाशी दिसू नकोस, असंही सांगितलं. तिने राख तिथेच टाकली आणि गेली. गेली तर गेली. चिंचवडात भांडी घासणाऱ्यांचा दुष्काळ नाही.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

आज मी ऐकलं.

घाईत होतो. लहानपणापासूनची सवय, तोंडातून 'येतो' निघून गेलं. आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "या." हातातलं काम न सोडता, मान वर न करता घरची बाई म्हणते तसं. मोठ्याने नाही, दबून नाही. मी डबा हातात घेऊन उभा राहिलो. मग उलट फिरून सगळं घर पाहिलं. फडताळसुद्धा उघडलं. कोणी नव्हतं. चूल थंड होती.

गोजाबाईने डोक्यात किडा सोडला, दुसरं काय! शिकलेल्या माणसाने एवढं हलावं हे शोभत नाही. डबा तसाच परत आणला.

बुधवार, १४ नोव्हेंबर

कामावर पोचलो नाही. नीट लिहितो.

सकाळी काही न बोलता निघालो. शेताला वळसा घातला, पुढे स्टेशनचा रस्ता लागतो. लागलं ते आमचंच फाटक. चुकलो असेन म्हणून पुन्हा निघालो. पुन्हा फाटक. मग शेतातूनच नाकासमोर चालत सुटलो, ज्वारीची ताटं तोंडावर आपटत होती, पलीकडे गाडीची शिट्टी ऐकू येत होती. ज्वारी संपली आणि समोर आड. आमचा.

दुपारभर पायरीवर बसून होतो. ऊन छान पडलं होतं. मागून विचारल्यासारखं हळूच "या" आलं. आत गेलो. गेलो म्हणजे, उठलो तेव्हा आत होतो.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

कळलं. इतकं सरळ होतं आणि मी हसलो होतो.

बाई परत येणार नाही हे घराला ठाऊक आहे. ती 'येते' म्हणाली ते खोटं, पण 'तोवर हे आहेत' म्हणाली ते खरं केलं तिने. मला जामीन ठेवून सुटली. मागे कोणी नसलेला माणूस पाहूनच निवडला असेल. म्हणून शेवटी तोंड पांढरं पडलं. आणि मी शहाणा, मरेपर्यंत हलत नाही म्हणून वर सही ठोकली.

मी अडकलो ते ठीक. पण रविवारी विमल येणार. छकुलीला घेऊन आत येणार. मग त्या बाहेर कशा —

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

आता फाटकापर्यंतच जाता येतं.

पलीकडून गोजाबाई गेली. हाका मारल्या, हात जोडले. तिने पदर पुढे ओढला आणि चालती झाली. बरोबर आहे तिचं.

मीरासाहेबाचा टांगा थांबवला. सांगितलं की रविवारी माझी बायको उतरेल, तिला इकडे आणू नकोस, परत पाठव. तो खो खो हसला. "बिऱ्हाडाला ठेसनावरनं कोन माघारी लावतं, सायेब? बायकू म्हंजी काय पारसल हाय?" मी नेहमी त्याची टर उडवतो, त्याला वाटलं ही आणखी एक. पाया पडतो म्हटलं. तो आणखी हसला.

शनिवार, १७ नोव्हेंबर

आज उंबरा ओलांडता येत नाही. पाय उचलतो, तो आतच पडतो.

आवाज आता बाईचा वाटत नाही. कोणाचा ते — ओळखीचा आहे.

रविवार

दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा —

घुंगरं वाजताहेत.

विमल. छकुली मांडीवर झोपलेली. केवढी झालीय पोर.

खिडकीतून ओरडलो. चालती हो. तुझ्या बापाने तुला माझ्या गळ्यात बांधली. तुझं थोबाड नको आणि ते कारटंही नको. आजवर तिला टोचून जे जे बोललो ते सगळं आज एकदम, मोठ्याने, रस्त्यावर. मीरासाहेबाने मान खाली घातली. विमल रडली नाही. फाटकाची कडी सोडली, पदर घट्ट केला आणि पुन्हा टांग्यात चढली.

शाब्बास. थुंक माझ्यावर. पण जा. 'येते' म्हणू नकोस, जाते म्हण —

घोडा वळला. सुटल्या, देवा, सुटल्या त्या

माझ्या पाठीशी माझाच आवाज. अगदी हळू. विमल, रागावू नकोस. किती दमली असशील. ये.

इतक्या मायेने मी तिच्याशी कधी बोललेलो नाही. एकदाही नाही. हा मी नव्हे, हे तिला त्या मायेवरूनच कळायला —

टांगा थांबवला तिने. हसतेय. मी तिला असं हसताना पाहिलंच नव्हतं

उतरली. छकुली जागी झाली, हात पुढे करतेय —

मी ओरडतोय, नको, नको, पण तिला ऐकू जातंय ते