पेरूच्या झाडाला क्लॅम्प

६ जुलै २०२४, सकाळी ७
व्हीआरएस घेऊन आठ दिवस झाले. घरात सिस्टीम म्हणून नाही. चाकणच्या कंपनीत तेवीस वर्षं मेंटेनन्स सांभाळला, मोशीतलं एवढंसं अंगण काय चीज आहे! आजपासून फाइव्ह एस, कंपनीतली नीटनेटकेपणाची पद्धत. प्रत्येक वस्तूवर पाटी. सुरुवात मृदुलाच्या पेरूपासून. रोप तिच्या वडिलांनी दिलेलं, जायच्या आदल्या वर्षी. बायको माझ्यापेक्षा त्याच्याशी जास्त बोलते. म्हणजे क्रिटिकल इक्विपमेंट.

८ जुलै
पाटी स्टीलची. ‘झाड क्र. १. जबाबदार: अनंत.’ म्हणजे मीच. ती बसवायला होज क्लॅम्प, पाइप आवळायची पट्टी. सालीवर नीट बसेना. आमची लेक, कुमारी पूर्वी, यंदा अकरावीला; तिचं बायोलॉजीचं पुस्तक उघडलं. आकृती एकदम क्लिअर. पाण्याची लाइन मधोमध, चांदणीसारखी. अन्नाची लाइन चांदणीच्या खाचांत. सगळं आत सेफ. म्हणजे साल हे नुसतं पाइपवरचं वेष्टन! दोन इंच साल गोल सोलून काढली. क्लॅम्प फिट.

९ जुलै
शेजारचे दौलतराव कुंपणावरून ओरडले, साल सोलली व्हय, आता झाड जातंय. माणूस चांगला, पण ड्रॉइंग वाचता येत नाही. आमची पूर्वीही म्हणाली, खोडात अन्न सालीलगत वरून खाली जातं. विचारलं, टेस्टला मार्क किती? पंचवीसपैकी तेवीस. दोन गेलेच ना!

२० ऑगस्ट
पान न् पान हिरवं. दौलतरावांना मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाले, थांबा जरा. चहा विचारला नाही.

१४ ऑक्टोबर
क्लॅम्पच्या वर खोड चांगलं जाडजूड झालंय. तब्येत सुधारली. पूर्वीच्या मते अन्न तिथं तुंबलंय आणि खाली मुळं उपाशी आहेत. या पिढीला चांगलं बघवत नाही.

७ डिसेंबर
पेरू कधी नव्हे इतके गोड! मृदुलानं गल्लीभर वाटले, वडिलांची आठवण काढून रडली. मी म्हटलं, श्रेय क्लॅम्पला आहे. गल्लीतल्या झाडांसाठी आणखी नऊ मागवले.

११ फेब्रुवारी २०२५
पानं पिवळी. ऊन लवकर आलंय. पाणी डबल केलं.

३ मार्च
पानगळ. पेरूला असते, बहुतेक.

२९ मार्च, संध्याकाळी ६
झाडाला हात लावला तर बुंध्यातून हललं. दौलतरावांनी माती उकरून मुळं दाखवली. काळी, कुजलेली.
पुस्तक पुन्हा उघडलं. ती आकृती मुळाची होती. खोडाची पुढच्या पानावर आहे.
मृदुला दुपारपासून झाडापाशी बसलीय. जेवली नाही. मी पान्हा घेऊन पाटी काढायला गेलो. पूर्वी म्हणाली, राहू दे बाबा, तेवढं एक बरोबर लिहिलंय.