बाबांच्या अंगठ्याबद्दल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा (ज्याच्याशी सध्या घरात कुणी धड बोलत नाही) साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? माझी तब्येत उत्तम आहे, आणि आईच्या मते तिथेच घोळ झाला. हात मोडून घरी पडलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

झालं असं, की क्लाउडमधली फोटोंची जागा भरत आल्याचा निरोप फोनवर रोज येऊ लागला. (हा क्लाउड नक्की असतो कुठे, असं आईने विचारलं होतं. मला सांगता आलं नाही, तेव्हाच थांबायला हवं होतं.) दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, म्हणून शिलाई बाजूला सारून आवराआवर करायला बसलो. वर्षांप्रमाणे कप्पे केले, तुझ्या लग्नाला वेगळा कप्पा दिला. मग आले बाबांनी काढलेले फोटो. बाबांनी हयातभर कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दिला नाही, आणि त्यांच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा, हे तुला ठाऊकच आहे. समुद्रावर अंगठा, तुझ्या लग्नात अंगठा, तू बाळाला घेऊन दवाखान्यातून बाहेर येतेस तिथेही अंगठा हजर. आता मी पडलो शिंपी. कडेला जास्तीचं दिसलं की माझे हात शिवशिवतात. एकेक फोटो घेऊन कोपरे सफाईने कापले. मूळ प्रती ठेवायच्या का, असं फोनने विचारलं. कातरण कोण जपून ठेवतं? दुकानातली टोपली रोज रिकामी करतो तशी फोनमधलीही केली. (कायमचं पुसायचं ना, असं त्याने पुन्हा विचारलं. मी तोऱ्यात हो म्हटलं.)

संध्याकाळी आईला सगळे फोटो टीव्हीवर दाखवले. शाबासकी मिळेल म्हणून जवळच बसलो होतो. तिने काही फोटो पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "अरे, हे तर कुणीही काढलेले फोटो झाले." मग उठून आत गेली. ताई, बाबांचा स्वतःचा असा फोटो एकच, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते दुसरेच कुणीतरी वाटतात. आई रोज टीव्हीवर हेच फोटो लावून काय बघायची ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटतंय गं. कापड चुकून कापलं तर ठिगळ तरी लावता येतं, इथे काय लावू?

बाकी सर्व ठीक. भाच्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोन आईने कपाटात ठेवलाय आणि किल्ली तिच्याकडे आहे.

ता. क. २ : बाबांनी तुला पाठवलेले फोटो तुझ्या जुन्या फोनमध्ये असतील. हात जोडतो, ते आवरायला जाऊ नकोस. जसेच्या तसे मला पाठव.

ता. क. ३ : पत्र आईला वाचून दाखवलं. ती सांगते, ह्याच्याकडे काही पाठवू नकोस, कागदावर छापून माझ्या नावाने पाठव. आणि कुठला फोटो कुणी काढला ते मागे लिहीत बसू नकोस म्हणते, मला कळतं.