ठरलेली उंची

प्रिय बाबा,

हे पत्र तुझं तू वाचायचंस. अगदीच अडलास तर धाकट्या पुष्पाकडे दे, पण तोवर नाही. अक्षर बघ किती मोठं काढलंय, एका पानावर दहाच ओळी मावल्यात. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर मी एक विषय काढला की तुझी रेंज जाते, आणि पुष्पा म्हणते की ती फक्त माझ्यापुरतीच जाते. त्या विषयावर मी येणारच आहे. पण आधी माझी बातमी ऐक, कालपासून ती माझ्या पोटात मावत नाहीये.

बाबा, काल मी ढगातून विमान उतरवलं. तुझ्या राहीने, पोशेऱ्याच्या जिवा जीपवाल्याच्या पोरीने. आजवर सराव केला तो बैलाला बांधतात तशी झापडं लावून. समोरचे काटे तेवढे दिसायचे, बाहेरचं काही नाही. पण तेव्हा आतून ठाऊक असायचं की बाहेर ऊन आहे आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या प्रमिला मॅडमना सगळं दिसतंय. काल मॅडमनाही काही दिसत नव्हतं. चार माणसांचं एवढंसं विमान (तू जीपमध्ये चौदा बसवतोस), काचेबाहेर सगळीकडे पांढरं, पंखाचं टोकसुद्धा गायब. आणि खरं सांगू, मला हसू येत होतं.

अशा वेळी धावपट्टीजवळून रेडिओचे संदेश येतात आणि समोरच्या घड्याळात दोन काटे हलतात. उभा काटा सांगतो डावीकडे गेलीस की उजवीकडे, आडवा सांगतो वर आहेस की खाली. दोन्ही मधोमध धरून उतरत यायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. पण मोठं वळण घेऊन मी विमान सरळ केलं आणि माझं अंग सांगायला लागलं की आपण उजवीकडे कलंडतोय. साधं वाटणं नव्हतं ते, कानापासून कमरेपर्यंत खात्री होती. काटे म्हणत होते, सरळ आहेस. हात आपोआप डावीकडे निघाला होता. मॅडम एकच वाक्य बोलल्या, ढगात माणसाचं अंग खोटं बोलतं आणि हुशार माणसाचं जास्त खोटं बोलतं. मी दात आवळून काट्यांचं ऐकलं.

आणि तेव्हा मला तू आठवलास. मी नऊ वर्षांची असेन. खोडाळ्याच्या बाजारातून परतताना धुकं असं उतरलं होतं की बॉनेट दिसेना. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून कडेचे पांढरे दगड ओरडून सांगत होते आणि तू हसत होतास. ‘मना ही वाट डोळं मिटून बी ठाव हाय’ असं म्हणालास आणि खरंच आणलंस सगळ्यांना घरी. आईने त्या दिवशी तुझी दृष्ट काढली. मला वाटायचं, माझ्या बापासारखा ड्रायव्हर साऱ्या तालुक्यात नाही. अजूनही वाटतं. विमान चालवायचं वेड माझ्यात शिरलं ते त्या पुढच्या सीटवरच.

पण कालची गोष्ट संपली नाही. उतरताना एक उंची आधीच ठरलेली असते. तिथे पोचेपर्यंत धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर पुन्हा वर जायचं. थोडं आणखी खाली जाऊन बघू, असं नाही. आज नशीब चांगलं आहे, असंही नाही. काल पहिल्या खेपेला त्या उंचीवर आले आणि समोर नुसतं दूध. मी इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि वर गेले. मला रडू आलं, वाटलं नापास झाले. मॅडम म्हणाल्या, उतरण्यापेक्षा हे अवघड असतं, आणि ते तू बरोबर केलंस. दुसऱ्या खेपेला ढग थोडा वर सरकला होता. काटे मधोमध, उंची संपत आलेली, आणि एकदम समोर दिव्यांच्या दोन रांगा उघडल्या, ओल्या, पिवळ्या, अगदी जिथे असायला हव्या तिथे. बाबा, असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. चाकं टेकली तेव्हा मी तुझ्यासारखीच स्टिअरिंगवर थाप मारली आणि मॅडम हसल्या.

आता तो विषय. शिमग्याला आले होते तेव्हा मी मागे बसून तुझी जीप बघत होते. पुढच्या सीटवर कोंडीमावशी. सगळ्यांना वाटतं तिचे गुडघे दुखतात म्हणून तू तिला मानाने पुढे बसवतोस. पण मावशीचं तोंड मोखाड्यापासून पोशेऱ्यापर्यंत बंद नसतं, ‘एसटी आली गं बाय, गुरं बसलीत बघ, गौरा उभी हाय पाटी घेऊन.’ आणि मावशी बोलली की मग तुझा पाय ब्रेकवर जात होता. आधी नाही, नंतर. मागच्या आठवड्यात मावशी तापाने बाजाराला आली नाही आणि जीप वळणावरून सरळ नागलीच्या शेतात गेली. बकरी आडवी आली, असं तू आईला सांगितलंस. आत अकरा माणसं होती बाबा, आणि खालच्या अंगाला दरी होती. शिबिरातल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू लिहून दिलेला कागद तू जॅकच्या पिशवीत लपवलास, तो पुष्पाला सापडलाय. तुझे हात वाट जाणतात, ते मी कधीच नाकारणार नाही. पण वाटेवर माणसं असतात, ती रोज वेगळ्या जागी असतात.

म्हणून हे पत्र. तुला कळलं असेल, मी प्रत्येक पानावर अक्षर थोडं थोडं लहान करत आणलंय. हे शेवटचं पान माझ्या रोजच्या अक्षरात आहे, तू गाडीच्या कागदांवर वाचतोस तेवढ्या. डॉक्टर काही सांगोत, मी काही सांगो, आज तुझं तूच बघ. इथपर्यंत तू स्वतः वाचत आला असशील तर मी चुकले, जीप खुशाल काढ, मी पाया पडून माफी मागेन. पण हे पुष्पाच्या आवाजात ऐकत असशील तर बाबा, ती उंची आली. परत वर जाण्यात कमीपणा नाही, मी काल जाऊन आले. येत्या सोमवारी मी येते आणि तुला जव्हारला ऑपरेशनला नेते. जीप मी चालवीन, तू मावशीच्या जागेवर बसून मला वळणं सांग. मग डोळे उघडले की इकडे ये आणि कुंपणापाशी उभा राहून बघ, मी ढगातून कशी बाहेर येते ते. पुष्पे, तू वाचत असशील तर आता थांब आणि हात पुढे कर. बाबा, चावी दे तिच्याकडे.

तुझीच,
राही