दूध ओतणाऱ्या बाईचं तिकीट

१७ जानेवारी

पुन्हा हुकलं!

दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता बसले होते. स्क्रीनवर एक चिमुकला माणूस चालत होता. तुम्ही रांगेत आहात, पान बंद करू नका, म्हणे. तो बिचारा अर्धी वाट चालून आला आणि कुपवाडची लाईट गेली. कारखान्यात जनरेटर आहे, पण तो लोखंड वितळवायच्या भट्टीसाठी. खरेदी खात्यातल्या बाईला कुठला जनरेटर! लाईट आली तेव्हा माणूस परत पहिल्या जागी. मग साहेबांची हाक, वाळूचा ट्रक, चलन — गेली दुपार.

आम्स्टरडॅमचं म्युझियम. एप्रिलचं तिकीट जानेवारीत काढायचं! आपल्याकडे लग्नाचं कार्यालय असं धरतात.

राजमती आणि मी सहलीला जातोय. राजमती चित्रकलेच्या डिप्लोमाला माझ्या शेजारी बसायची. आता माधवनगरला तिच्या घरचं कापडाचं दुकान आहे, ती गल्ल्यावर असते. दोघींनी मिळून डिप्लोमानंतर एक रेघ ओढली असेल तर शपथ. सहल कंपनीच्या कागदावर या म्युझियमपुढे लिहिलंय — ‘फोटो थांबा’. म्हणजे देवळापर्यंत जाऊन चपला राखत बाहेर उभं राहायचं. आत जायचं तर मोकळ्या दुपारी, आपापलं तिकीट आधी काढून. सहलीचा व्यवस्थापक वीरधवल फोनवर म्हणाला, ‘मॅडम, दारात तिकीट मिळत नाही हं. नंतर मला बोल लावू नका.’

मला तिथलं एकच चित्र बघायचंय. एक बाई भांड्यातून दूध ओततेय. बस्स. कॉलेजच्या पुस्तकात त्या बाईचा एप्रन जांभळट छापला होता. सर म्हणायचे, छपाईवर जाऊ नका, खरा निळा वेगळाच आहे. तो कसा, ते अजून माहीत नाही.

१८ जानेवारी

आईंचा दिवस वाईट. ऑफिसला दांडी. तिकीट राहिलं.

२१ जानेवारी

आई म्हणजे सासूबाई. चंद्राबाई! मांडीचं हाड मोडल्यापासून पलंगावर आहेत, तीन वर्षं होत आली. छातीत पाणी होतं, काढतात, पुन्हा होतं. डोकं मात्र लख्ख. सकाळी ऑफिसच्या आधी त्यांचं सगळं आवरायचं, दुपारी बाई येते, संध्याकाळी पुन्हा मी. कूस बदल, पाठीला पावडर लाव, चादर ओढ. धैर्यशील ‘मी हाय की’ म्हणतात आणि औषधाचा डबा कुठंय ते विचारतात. माणूस वाईट नाही. पण दमून जाते मी.

आज मोबाईलवर त्यांना चित्र दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग —

‘ह्यात काय बघायचंय? बाई दूध वततीया. मी जलमभर वतलं, कुनी तिकीट काढून आलं न्हाई बघायला!’

हसू आवरेना मला. त्यांनी मोबाईल परत दिला नाही. परत बघितलं.

‘पर हात बघ तिचा. घाई न्हाई. ही कुनाच्या घरची सून न्हाई.’

२२ जानेवारी

मिळालं! २४ एप्रिल, दुपारची वेळ, दोन माणसं. लेक साक्षी पुण्याहून फोनवर ओरडत होती, ‘आई, रिफ्रेश करू नकोस, हात मागे घे!’ घेतला मागे. माणूस चालत चालत पोचला एकदाचा. ऑफिसात कुणाला सांगावं? शेवटी चहावाल्या मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं बाई.’ कशाचं ते विचारलंही नाही.

२ फेब्रुवारी

नणंद आली लोणंदहून, अंजना. माझ्यामागे तीच राहणार आहे आईंजवळ. हो म्हणाली, पण हो म्हणतानाचं तोंड!

‘वैनी, आय अशी पडलीया आन् तुमी तीन म्हैन्यांफुडचं तिकीट काढून ठिवलंय? तवर काय हुतंय कुनाला ठावं?’

खरं तर मलाही तेच वाटत होतं, म्हणूनच जास्त लागलं. मी काही बोलायच्या आत आई पलंगावरून —

‘मी आत्ताच गेले तर तेरावं उरकून ही मोकळी. येपरिलात गेले तर हिचं तिकीट वाया. बोल क्रांती, कवा जाऊ?’

सगळे हसले. मीही हसले. नंतर मोरीत नळ सोडून रडले. त्यांच्यासाठी की तिकिटासाठी, ते कळलं नाही.

१९ फेब्रुवारी

व्हिसाला पुण्याला जाऊन आले. बोटांचे ठसे उमटेनात. भांडी घासून गेलेत म्हणे! तिथल्या मुलीनं ओला कपडा दिला, मग उमटले.

१० मार्च

आईंना दवाखान्यात ठेवलंय. पाणी काढलं. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं ठीक. बाहेर बाकावर बसून मी एप्रिल मोजत होते. आत्ता काही झालं तर दिवस होऊन जातात. महिनाअखेर झालं तरी जमतं. पाडव्यानंतर मात्र — बोटांवर मोजता मोजता थांबले. ही कसली मोजणी! खोटं कशाला लिहू, मनात आलं होतं. एकदा नाही, दोनदा आलं. ‘सुटतील आणि सोडवतील’ असंही आलं.

धैर्यशील डबा घेऊन आले. विचारलं, ‘काय झालं?’ म्हटलं, डास आहेत इथं.

१४ मार्च

घरी आल्या. पहिला प्रश्न — ‘तिकीट हाय न्हवं?’

२ एप्रिल

सहल कंपनीनं सगळं एक दिवस पुढंमागं केलं. मग वीरधवलचाच फोन, चोवीसची दुपार आहे तशीच आहे, फक्त बस लवकर सुटणार. पाचला हजर नसलात तर टॅक्सीनं या. बरं बाबा. दम लागला नुसता बसल्या जागी.

१३ एप्रिल

आटपाडीचे आप्पासो गेले. चुलत सासरे. सकाळी शेतात गेले, बांधावरच बसले आणि संपले. आम्ही मातीला जाऊन आलो. चांगला माणूस. भेटले की रामफळं द्यायचे पिशवीभर.

येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून पुन्हा बोटं मोजत होते. लाज वाटते. सुतक तेवीसला फिटतं. विमान वीसला!

१४ एप्रिल

घरात पंचायत बसली. अंजनाचं म्हणणं, भाऊकीचं सुतक असताना समुद्रापलीकडे जात नसतात. शिवाय तिथं चर्च, मूर्ती, काय काय. धैर्यशील दोघींच्याही बोलण्याला मान डोलावत बसले. त्यांचा स्वभावच तो. मी म्हटलं, नको, रद्द करते. खरंच म्हटलं. अंगात भांडायची ताकदच नव्हती. जानेवारीपासून हे एक तिकीट मी पाण्याच्या घागरीसारखं डोक्यावर घेऊन चाललेय, उतरलं तरी बरंच.

तर आईंनी जवळ बोलावलं. कोर्टात उलटतपासणी घ्यावी तसं विचारायला लागल्या.

‘त्या तुज्या म्युझियमात देव हायत?’

‘आहेत, आई. दगडाचे, लाकडाचे. चित्रातले पण आहेत.’

‘त्यास्नी निवद दावत्यात?’

‘नाही.’

‘दिवा?’

‘नाही. हातसुद्धा लावू देत नाहीत कुणाला.’

‘मग कशाचं सुतक? जिथं निवद न्हाई तिथं इटाळ न्हाई. जाऊ दे तिला.’

‘आन् चर्च?’ अंजना ऐकेना.

‘चर्चात जायाचं न्हाई. भाईर बसायचं पायरीवर. आयकलं का गं?’

ऐकलं. अंजना पाय आपटत चहा टाकायला गेली. आईंना धाप लागली होती एवढं बोलून. पाठ चोळत बसले. त्या म्हणाल्या, ‘मोजत हुतीस न्हवं गाडीत?’ गाडीत नव्हत्या, तरी ओळखलं त्यांनी. ‘मोजावं लागतंय,’ म्हणाल्या. ‘मी बी मोजलंय माज्या सासूचं.’

१९ एप्रिल

औषधं डब्यात भरली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन रंगांच्या चिठ्ठ्या. अंजनाला दोनदा समजावलं. ती म्हणाली, ‘मी तिची लेक हाय वैनी, भाईरची न्हाई.’ बरोबरच बोलली. पण कुठल्या कुशीवर त्यांना झोप लागते, ते लेकीला ठाऊक नाही. ते सांगितलं.

२० एप्रिल

निघाले. आईंच्या पाया पडले. ‘जा,’ म्हणाल्या, ‘आन् नीट बघ. परत परत फोन करून इकडंच बघत बसू नगंस.’

२२ एप्रिल

पॅरिस. राजमती सूर्यास्ताआधी जेवते, म्हणून गेले दोन महिने तिला घोर होता. इथं रात्री नऊ वाजेपर्यंत सूर्य वर! म्हणते, ‘इथल्या जैनांचं बरं आहे गं, दिवसभर खा!’ ठेपले, चकल्या, पुन्हा ठेपले. सगळे मोठ्या चर्चात गेले, मी पायरीवर बसले. कबुतरं मोजली. पाय सुजलेत.

फोन केला. आई बोलल्या थोडं. आवाज खोल गेलाय. ‘झालं का बघून?’ — नाही आई, परवा. ‘बरं.’

२४ एप्रिल

पाहिलं.

एवढंसं आहे! राजमती मोठ्यांदा म्हणाली, ‘अगं, हे एवढंसं?’ जेमतेम कॅलेंडरच्या पानाएवढं. पुढे गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर. धक्के खात पुढे सरकले. आणि मग ती समोर.

निळा. नाही, जांभळट अजिबात नाही. सांगता येत नाही. पुस्तक खोटं होतं एवढं नक्की. आणखी एक — भिंतीत वर एक खिळा आहे, त्याची सावली पडलीय, बाजूला जुन्या खिळ्यांची भोकं. आमच्या स्वयंपाकघरात आहेत अगदी तशी! एवढ्या मोठ्या चित्रकारानं भोकंसुद्धा बुजवली नाहीत. दूध पडतंच आहे. आई म्हणाल्या ते खरं, तिला घाई नाही.

वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. मागे बाकावर जागा झाली तिथं बसले. नुसती बसले. कुणी हाक मारली नाही. कशावर झाकण ठेवायचं नव्हतं, कुणाची कूस बदलायची नव्हती. अशी किती वर्षांत बसले नाही! राजमती खाली दुकानात स्वतःसाठी ताटांच्या चित्रांची पोस्टकार्डं घेत होती. मी बसून राहिले. लाज वाटेल इतकं बरं वाटलं.

पाचच्या बसला धावत आलो.

रात्री घरी फोन लावला. धैर्यशील म्हणाले, आई झोपल्यात. बघितलं का? बघितलं म्हटलं. मग म्हणाले, ‘बरं झालं.’

२६ एप्रिल

व्हिडिओ लागत नाही. सांगलीत नेट नाही म्हणे. अंजनाचा आवाज बसलाय. ‘उनाचा कडाका लय हाय, वैनी, थंड पाणी प्यायले,’ म्हणाली. वैनी असं किती मायेनं म्हणाली! माणूस लांब गेलं की किंमत कळते वाटतं.

राजमतीही गोड वागतेय. माझी बॅग तीच ओढते. आज माझ्यासाठी बशीत आंबा कापून आणला. मी म्हटलं, तुला काय झालंय? तर म्हणे, ‘काही नाही. खा.’

२८ एप्रिल

डोंगर, बर्फ. दमले. घरी जावंसं वाटतंय.

३० एप्रिल

विमानतळ. आईंसाठी काय न्यावं कळेना. गोड चालत नाही, कपडा लागत नाही. शेवटी चित्राचं कार्ड घेतलंय तेच. आईंना विचारायचंय, भोकं दिसतात का बघा. त्यांना नक्की दिसतील.

१ मे

राजमतीच्या गाडीनं सांगलीत आले. दारात धैर्यशील उभे होते. डोकं भादरलेलं. मिशीसुद्धा नाही.

आई चोवीसला गेल्या. आम्ही म्युझियमच्या दारात उभ्या होतो तेव्हा. माती झाली, सावडून झालं. राजमतीलाही माहीत होतं. आईंनी सगळ्यांना शपथ घातली होती, ‘ती घरी येईतवर सांगायचं न्हाई. तिचं बघनं मोडायचं न्हाई.’

राग आला. इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता. मला विचारायचं तरी!

शेवटची आंघोळ अंजनानं घातली. ती रडत सांगत होती, मी ऐकत होते. पाणी फार कढत नव्हतं ना, एवढंच विचारलं.