हिरव्या बांगड्या

देवळी, मार्च १९७९

सौ. रुखमा हिस,

शनिवारी वेणूला घेऊन अमरावतीला आपल्या जुन्या दोस्ताकडे, टिकारामकडे गेलो. तू देवाघरी गेल्याचं माझं पत्र त्यांना पोचलंच नव्हतं. पंचफुलावहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, रुखमाले काऊन नाई आणलं? रुसली का माह्यावर?"

मी काही बोलण्याआधी आपली वेणू म्हणाली, "आई मामाच्या गावाले गेली."

मग मीही गप्प राहिलो. दोन दिवस तुझ्याच गोष्टी निघाल्या. वेणू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. निघताना वहिनींनी तुझ्यासाठी हिरव्या बांगड्या दिल्या.

आता खरं कळवावं, तर वेणू म्हणते, "बाबा, आताच नका लिहू जी."

काय करावं, समजत नाही. टिकारामसाठी घेतलेलं पोस्टकार्ड तुलाच लिहून भरलं.

तुझा,
वासुदेव