लाकडाच्या पट्ट्या

बाबा, आज दुकानात आम्हाला सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून विचारलं, पुढच्या पियानोत काय काय असावं. म्हणजे विजेवरच्या, डिजिटल पियानोत. अंधेरीच्या आमच्या दुकानात आता तेच ओळीने मांडलेले असतात आणि ते वाजवून दाखवणं, विकायच्या आधी तपासणं, घेणाऱ्याला चार धडे देणं हे माझं काम. कंपनीकडून एक मुलगा आला होता, चांगला होता, चहा थंड होऊन गेला तरी लिहीतच होता. एक जण म्हणाला, वजन कमी करा, बोरिवलीच्या जुन्या बिल्डिंगीत जिन्यावरून चढवताना माणसं शिव्या घालतात. काउंटरवरची बाई म्हणाली, मोबाइलशी जोडलं की मध्येच तुटतं. कुणाला आतच तानपुरा हवा होता, कुणाला पावसाळ्यात पट्ट्यांखाली ओल जाऊ नये अशी काही सोय. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, पट्ट्यांची ठकठक बंद करा. हेडफोन लावून वाजवलं तरी ती खालच्या घरात जाते आणि माणसं भांडायला वर येतात. मीही मान हलवली. मग माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, प्रत्येक पट्टीच्या वर एक बारीक दिवा असावा, पट्टी दाबली म्हणून लागणारा नको, तिचा आवाज खरोखर बाहेर पडला तरच लागणारा. मॅनेजर हसत म्हणाला, "काय सर, बहिऱ्यांसाठी पियानो काढायचाय का?" सगळे हसले, मीही हसलो. कंपनीच्या मुलाने तेवढं लिहून घेतलं नाही.

हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला बसलो, कारण याची सुरुवात तुमच्याकडे आहे आणि मला तुमच्यावर रागवायचंय. जिवंत असताना तुमच्यावर रागवायची माझी कधी छाती झाली नाही.

घाटकोपरची आपली खोली आठवा. कुर्ल्याच्या कुठल्याशा बँड पार्टीकडून तुम्ही तो जुना कीबोर्ड आणला होता, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. शनिवारी मी चेंबूरच्या बाईंकडे शिकायला जायचो, त्यांच्याकडे खरा पियानो, आणि आपला कीबोर्ड दोन्ही बाजूंनी आखूड. बाईंनी एक नवा तुकडा शिकवायला घेतला, तो वरपासून खालपर्यंत पळायचा, आणि त्या म्हणाल्या, हा घरी तुला बसवता येणार नाही, वरच्या पट्ट्याच नाहीत तुझ्याकडे. मी घरी येऊन रडलो. साकीनाक्याच्या गाळ्यात तुम्ही स्पीकरची खोकी बनवायचात, तिथून दोन दिवसांनी प्लायचे दोन तुकडे घेऊन आलात. त्यांवर पांढऱ्या सनमायकाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, मध्ये काळ्या, मापात अगदी बरोबर. कीबोर्डच्या दोन्ही अंगांना ते तुकडे लावले आणि माझा पियानो पूर्ण झाला. उजवा तुकडा कपाटापर्यंत जातो, डावा थेट गॅसच्या ओट्यावर टेकतो. आई म्हणते, "तुझे खालचे सूर जरा उचल, माका भात उतरवूचो आसा." त्या खालच्या पट्ट्यांना कायम फोडणीचा वास यायचा.

त्या पट्ट्या हलायच्या नाहीत, वाजायच्या तर नाहीतच. बोट आपटलं की नुसतं ठक. आठवडाभर मी इमानाने वाजवलं, मग आळस केला. वर पळायची वेळ आली की कीबोर्ड संपतो तिथेच थांबायचं आणि मनात मोजून परत फिरायचं, कुणाला कळणार होतं? तुम्ही बाकड्यावर बसून नखांतला फेविकॉल काढत होता. मान वर न करता म्हणालात, "वरचे खंय गेले?" मी म्हटलं, ते कुठे वाजतात बाबा. तुम्ही उठलात, माझं बोट धरून शेवटच्या लाकडी पट्टीवर आपटलंत, चांगलं दुखलं. "माका आयकाक येता. तुका येयसर वाजव." म्हणजे मला ऐकू येईपर्यंत. आणि मग तुम्ही, ज्यांना भजनाच्या टाळाशिवाय काही धरता येत नव्हतं, ते वरचे सूर तोंडाने काढायला लागलात. टिं, टिं, टिं, चिमणीसारख्या आवाजात, एकही जागेवर नाही. शेजारचे दारात येऊन हसले. तुम्ही थांबला नाहीत. रोज संध्याकाळी मी ठकठक करायचो आणि तुम्ही टिं टिं करायचात, आणि एक दिवस मला ते ऐकू यायला लागले. तुमचे नव्हेत, बाईंच्या पियानोवरचे खरे. लाकडावर बोट पडायचं आणि आत सूर लागायचा. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "झकास," आणि त्या दिवसापासून तोंड बंद केलंत. माझ्या आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी वस्तू तीच आहे असं मी कालपरवापर्यंत लोकांना सांगत होतो. माझ्या शिकवण्यांत तर ही गोष्ट ठरलेली, पालक डोळे पुसायचे.

गेल्या महिन्यात मुलुंडच्या एका घरातून पियानो परत आला. वरच्या काही पट्ट्या वाजतच नाहीत, आतला कॉन्टॅक्ट गेलेला. तो मी तपासून दिला होता. एकेक पट्टी दाबली होती, मला नीट आठवतंय, सगळे सूर ऐकले होते आणि ठीक म्हणून सांगितलं होतं. मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "सर, तुम्ही स्वतः चेक केलेला ना?" मी म्हटलं, टेम्पोत धक्का बसला असेल. पण मग मी त्या पियानोवर बसलो आणि वरच्या पट्ट्या दाबल्या, आणि बाबा, मला ऐकू आल्या. शेजारी मेकॅनिक उभा होता, तो म्हणाला, बघा, नुसती ठकठक.

दुसऱ्या दिवशी कान तपासायला गेलो, घाटकोपरलाच, घरी दाढेचं कारण सांगून. काचेच्या खोलीत बसवतात, कानांना हेडफोन, हातात बटण. तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, बीप ऐकू आली की दाबायचं." मी दाबत गेलो. थोड्या वेळाने तिने दार उघडलं. "काका, अंदाजाने नका ना दाबू. मी आत्ता काहीच वाजवलं नव्हतं." मी म्हटलं, अंदाज नाही, आला आवाज. तिने परत सुरू केलं, मी परत दाबलं, ती परत आली. तिसऱ्यांदा तिने वेळ बदलत बदलत वाजवलं, तेव्हा तिला खरं काय ते मिळालं. कागदावर रेघ होती, डावीकडे बरी आणि उजवीकडे खाली घसरत गेलेली. डॉक्टर म्हणाले, वरचे आवाज बरीच वर्षं जात असणार, आधी कसं कळलं नाही तुम्हाला? गेलेलं परत येत नाही, आणि हे इथेच थांबेल असंही नाही. कानाचं मशीन देऊ बोलणं ऐकण्यासाठी, पण संगीत त्यातून तुम्हाला आवडणार नाही. मशीन लावून पाहिलं. पत्र्याच्या डब्यात कुणी पियानो कोंबल्यासारखं वाटलं.

कसं कळलं नाही? इतरांचे सूर जातात तेव्हा जागा रिकामी पडते. ती लक्षात येते, माणूस घाबरतो, वेळेवर डॉक्टरकडे जातो. माझी जागा रिकामी पडलीच नाही. एकेक सूर गेला आणि तुमच्या लाकडाच्या पट्ट्यांनी तो गपचूप भरून काढला. तुम्ही मला इतकं पक्कं शिकवलंत की मी बहिरा होतोय हे मलाच कळू दिलं नाहीत. त्या दिवशी बोट आपटलं नसतंत, मला आळशी राहू दिलं असतंत, तर आज माझी एवढी वाट लागली नसती. आता मी तपासलेला पियानो मागाहून दुसरा कुणीतरी पुन्हा तपासतो. मला कुणी तसं म्हणत नाही, मी जेवायला गेलो की उरकतात. शिकवताना एखादी पोरगी वरची पट्टी चुकली तर मला तिचं चुकलेलं ऐकू येतच नाही, मला बरोबरच ऐकू येतं. मी म्हणतो छान. कदाचित वर्षभर मी चुकांनाच छान म्हणत आलोय.

मेट्रोने जाताना साकीनाका येतं. तुमच्या गाळ्याच्या जागी काचांची इमारत आहे, तिच्याकडे बघत मी मनात पियानोची मागणी करत बसतो. ठकठक राहू द्या, वरच्या पट्ट्यांचं मला खरं असं तेवढंच ऐकू येतं. पण मीटिंगमध्ये मी तीच बंद करा म्हणून मान हलवली, नाहीतर का म्हणून विचारलं असतं. वरचे सूर बोटांना कळतील असा काहीतरी कंप द्या. ते जमत नसेल तर दिवा द्या. पियानोचं खरं कुठे संपतं आणि बाबांचं कुठे सुरू होतं, तेवढं दाखवणारा. पुढच्या मॉडेलमध्ये यातलं काही येणार नाही. आणि आलंच तरी त्याच्या पुढच्या मॉडेलपर्यंत माझ्याकडे खरं ऐकण्यासारखं फारसं उरलेलं नसेल. काय करू सांगा. तुम्हाला विचारतोय खरं, पण तुम्ही परत तेच म्हणाल, तुका येयसर वाजव.

आज दुपारी लवकर सुटलो. घरी कुणी नव्हतं. हे लिहिण्याआधी घरच्या माझ्या डिजिटल पियानोपाशी बसलो, बाईंचा तो तुकडा खालपासून वरपर्यंत वाजवला आणि शेवटच्या पट्टीवर बोट धरून ठेवलं. सगळे सूर आले, एकही मध्ये गळला नाही. शेवटचा तर इतका स्वच्छ आला की डोळ्यांत पाणी आलं. चालू असल्याचा लाल दिवा पियानोच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली आहे. बसताना बटण दाबल्याचं मला आठवत नव्हतं, पण मी तिकडे पाहिलं नाही, बाबा. तसाच उठून आलो.